गाणं पुढे, तोंड मागे

व्हिडिओ कापायचा असेल तर तो पुन्हा शिजवायचा नाही, हा माझा जुना हट्ट. शहरातल्या टीव्ही स्टेशनवर बावीस वर्षं मी हेच केलं आणि हाताखालच्यांना हेच ऐकवलं. नुसता कापला तर मिनिटभरात काम होतं आणि चित्र जसंच्या तसं राहतं. पुन्हा शिजवला, म्हणजे सगळी फाइल उलगडून नव्याने बांधली, की थोडा तरी कस जातोच. लोक आळसाने पुन्हा पुन्हा शिजवतात आणि मग चेहरे लापशीसारखे दिसतात म्हणून माझ्याकडे रडत येतात. निवृत्त होऊन मोरविनला आलो, लायब्ररीच्या कोपऱ्यात एक टेबल आणि तीन जुनी यंत्रं मिळाली, तरी माझं नाक काही खाली आलं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते ह्या नाकामुळे झालं.

केल्सी माझ्याकडे जानेवारीत आली. तिशीची, काटकुळी, आत आल्यावरही जाकिटाची चेन न उघडणारी. ती चौदा महिन्यांपासून गावात राहते हे सगळ्यांना माहीत होतं, कुठून आली हे कुणालाच नाही. तिने फोन पुढे केला. तिची सहा वर्षांची मुलगी जूनी स्केटिंगच्या रिंकबाहेर बर्फात उभी राहून गाणं म्हणत होती. केल्सीच्या आईचा बहात्तरावा वाढदिवस होता, त्यासाठी.

“सुरुवातीचं कापा,” ती म्हणाली. “कोठार दिसतंय.”

मी पाहिलं. कॅमेरा आधी रेल्वेलगतच्या धान्याच्या लाल कोठारावर होता, मग खाली जूनीवर येत होता. कोठारावर गावाचं नाव. पाच मैलांवरून वाचता यावं म्हणूनच ती पांढरी अक्षरं पुरुष-पुरुषभर उंचीची रंगवलेली आहेत.

“आजीला गाव दिसलं तर काय बिघडलं?” मी म्हणालो. माझ्या जिभेला हाड नाही.

“आईकडे डेरिक येतो. माझा नवरा. त्याला गाव कळलं तर तो येईल. आला तर ह्या खेपेला मी वाचणार नाही, आणि जूनीला तो घेऊन जाईल.” हे तिने किराण्याची यादी वाचावी तशा आवाजात सांगितलं.

“आणि आई त्याला घरात घेते?”

“तिला इतकंच माहीत आहे, की आमचं पटलं नाही. तो तिच्या अंगणातला बर्फ काढतो, नळ दुरुस्त करतो, औषधं आणून देतो. तिच्या मते मीच हेकट.”

“मग सांगून टाक की.”

“सांगणार आहे,” ती म्हणाली, आणि त्या ‘णार’मध्ये चौदा महिने होते.

मी कापला. कॅमेरा खाली येऊन जूनी पूर्ण दिसते आणि गाणं सुरू होतं, बरोबर त्या क्षणावर. शिजवला नाही, नुसता कापला. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर पाहिला, माझ्या लॅपटॉपवर पाहिला, केल्सीच्या फोनवर पाहिला. तिन्हीकडे पहिल्या झटक्याला जूनी. केल्सीने चौथ्यांदा पाहायला मागितला तर मी वर म्हणालो, “हातच्या कांकणाला आरसा कशाला?” पेन ड्राइव्ह महिलांच्या निवाऱ्यात काम करणाऱ्या बेव्हने शहरात नेऊन तिथून पोस्टात टाकला, म्हणजे पाकिटावर मोरविनचा शिक्का नको. सगळे जण सावध होते. मीच एक शहाणा होतो.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास केल्सी पुन्हा आली. जूनी शाळेत होती. बाहेर उणे एकतीस, आत गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा गलका. ती मला वाचनाच्या छोट्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं. तिच्या हातात निवाऱ्याने दिलेला फोन होता. त्यावरून केलं तर पलीकडे नंबर उमटत नाही.

“आईच्या टीव्हीवर नीट लागत नाहीये. काय करायचं ते तुम्ही सांगाल का तिला? तुमचं नाव नका सांगू. गावाचं तर नाहीच.”

“टीव्ही जुना असेल,” मी म्हणालो. “दुसरं काय असणार?”

तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“ते टीव्हीवाले का?” पलीकडून एक खणखणीत आवाज आला. ही व्हॅलरी. “तुम्ही फार हुशार आहात म्हणे.”

“हुशार नाही हो, म्हातारा आहे. टीव्ही कुठला आहे तुमचा?”

“काळा.”

केल्सी हसली. तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

“मॉम, किती वर्षांचा आहे ते सांग.”

“तुझे बाबा होते तेव्हाचा. त्यांच्यासारखाच झालाय आता, आवाज मोठा आणि डोकं जागेवर नाही.”

“चित्र दिसतंय ना?” मी विचारलं.

“दिसतंय की! पण बिचारी माझी जूनी! गाणं पुढे आणि तोंड मागे. तिची पहिली ओळ म्हणून होते, तेव्हा कुठे पोरगी तोंड उघडते.”

मी सवयीने म्हणालो, आवाजाच्या सेटिंगमध्ये जा, उशीर किती आहे बघा, शून्य करा. ती रिमोटशी झटत होती. ‘हे बटण का ते?’, ‘आता सगळं फ्रेंचमध्ये आलं’, असं चाललं होतं. आणि ती झटत असताना माझ्या डोक्यात तिचं वाक्य उलटं फिरलं.

पहिली ओळ म्हणजे तीन-साडेतीन सेकंद. टीव्ही म्हातारा असला तरी आवाज इतका पुढे पळत नाही. आवाज साडेतीन सेकंद पुढे, याचा अर्थ चित्र साडेतीन सेकंद जास्तीचं आहे.



व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. काही सेकंदांनी एक पूर्ण चित्र येतं, आणि मधल्या चित्रांत फक्त काय हललं तेवढंच लिहिलेलं असतं. म्हणून चित्र मधूनच कापता येत नाही, आवाज कापता येतो. न शिजवता कापलं, तर फाइल आधीच्या पूर्ण चित्रापासूनचं सगळं पोटात ठेवते आणि वर एक चिठ्ठी लावते: ‘इथून दाखवा.’ शहाणी यंत्रं चिठ्ठी वाचतात आणि मागचं दाखवत नाहीत. माझी तिन्ही यंत्रं शहाणी होती. व्हॅलरीचा टीव्ही चिठ्ठी न वाचणाऱ्यांपैकी होता, आणि पोटातलं सगळं दाखवत होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे मी लोकांना शिकवलेलं आहे. जूनीच्या आधीचं शेवटचं पूर्ण चित्र कुठलं, एवढं मी पाहिलं नव्हतं.

तरी मनात आशा होती. कदाचित कॅमेरा तेव्हा खाली येऊन गेला असेल, नुसता बर्फ असेल. मला पाहायचंच होतं, आणि पाहायला माझ्याकडे फक्त तिचे डोळे होते.

“बाई,” मी म्हणालो, “सुरुवातीपासून लावा. पहिलं चित्र दिसलं रे दिसलं, की थांबवायचं बटण दाबा. दोन उभ्या रेघा असलेलं.”

“थांबवलं.”

“काय दिसतंय?”

“मोठं लाल काहीतरी. घर आहे का? नाही, घर इतकं उंच नसतं. वर अक्षरं आहेत. चष्मा... थांबा. एम. ओ. आर...”

केल्सीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिला चिठ्ठी, पूर्ण चित्र, काही समजावावं लागलं नाही. ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“मॉम,” ती म्हणाली, “ते वाचू नकोस. तो पेन ड्राइव्ह काढ आणि टाकून दे. आत्ता.”

“टाकून काय दे? माझ्या वाढदिवसाची भेट आहे ती! आणि हे बघ, तू त्या टीव्हीवाल्यांना उगाच त्रास देऊ नकोस. मी सकाळीच डेरिकला फोन केलाय. त्याला कळतं ह्यातलं. येतोच आहे.”

“कधी?”

“येतोच आहे म्हटलं ना. बघ, आलाच. गाडी वळली अंगणात.”

मी टेबलावर वाकून म्हणालो, “बाई, टीव्ही बंद करा. सगळं राहू दे, फक्त टीव्ही बंद करा.”

पण तिने फोन कशावर तरी ठेवला होता, कोचावर असेल, आणि तिच्या सपातांचा आवाज दाराकडे निघाला होता. मी पुन्हा ओरडणार तोच केल्सीने माझ्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हाताने तिने आपला आवाज बंद करायचं बटण दाबलं. हात बर्फासारखा होता. बाहेर गोधडीवाल्या बायका कुणाच्या तरी सुनेवर हसत होत्या.

थांबवायला मी सांगितलं होतं. नसतं सांगितलं तर साडेतीन सेकंदांत ते चित्र निघून गेलं असतं. आता ते टीव्हीवर ठाण मांडून बसलं होतं, भिंतीएवढं, गावाच्या नावासकट.

दार उघडलं.

“वॅल, पायरीवर मीठ टाकलंय मी. घसरशील एखाद्या दिवशी.” आवाज मऊ होता. मला कसला आवाज अपेक्षित होता कोण जाणे, हा नव्हता. “बूट काढू ना?”

“काढ बाबा, काढ. गालिचा कालच साफ केलाय. कॉफी ठेवते.”

बूट काढल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा. मग काहीच नाही. मोज्यांतली पावलं ऐकू येत नाहीत. तो खोलीच्या दारात आहे, की टीव्हीसमोर, की फोनच्या शेजारी, काही कळत नव्हतं. मी भिंतीवरचं घड्याळ पाहत होतो. केल्सी पाहत नव्हती, ती नुसती ऐकत होती, डोळे मिटून.

वीस सेकंद गेले असतील. एवढ्या वेळात माणूस पूर्ण पाटी तीनदा वाचतो.

“हे आपोआप थांबलंय का, वॅल?”

“अगं बाई! बंद करते, थांब.” सपाता लगबगीने आल्या. “कुठलं बटण... हे...”

आणि खोलीत जूनीचं गाणं सुरू झालं. तिने बंद करायच्या जागी चालू केलं होतं. स्पीकरमधून ते गाणं आमच्याही खोलीत आलं, थोडं बेसूर, मधे नाक ओढल्याच्या आवाजासकट. केल्सीने टेबलाची कड धरली. पूर्ण गाणं झालं.

“मोठी झाली,” डेरिक म्हणाला.

“झाली ना? डोळे अगदी तुझे आहेत. बघ की रे ते गाणं पुढे का पळतंय.”

“टीव्ही जुना आहे, वॅल. दुसरं काही नाही.”

माझंच वाक्य. तासही झाला नसेल ते बोलून.

“कॉफी घे. बटर टार्ट आहेत, तुला आवडतात ते.”

“नको. काम आठवलं एक.”

“अरे, बूट तर आत्ता काढलेस!”

“पुन्हा घालतो की,” तो म्हणाला, आणि हसल्यासारखं वाटलं. दार लागलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज लांबून आला.

व्हॅलरीने फोन उचलला. “आहेस का गं? ऐकलंस ना? त्याचं नाव काढलं की तू नाक मुरडतेस, पण सुंठीवाचून खोकला गेला बघ. त्या अक्षरांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. काही विचारलं नाही. आला तसा गेला.”

मी केल्सीकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं, खरंच असेल. माणूस कॉफीच्या विचारात असेल, चष्मा नसेल. भित्रा माणूस फार लवकर आशा धरतो.

केल्सीने आवाज पुन्हा चालू केला.

“काहीच विचारलं नाही, मॉम?”

“काहीच नाही.”

“लाल काय आहे विचारलं नाही? जूनी कुठे शिकते, कोणत्या वर्गात आहे, पाकीट कुठून आलं?”

“नाही म्हटलं ना.”

“मॉम, तो माणूस मी दूध कुठून आणलं ते विचारायचा. बिल बघायचा. किती वाजता गेले, कुठल्या रस्त्याने आले. पंधरा महिन्यांनी पोरीचं तोंड पाहिलं आणि त्याने एक प्रश्न विचारला नाही.” ती थांबली. “त्याने वाचलंय.”

“काय वाचलंय? कोड्यात नको बोलूस.”

मी खोलीतून बाहेर पडलो. काउंटरवरच्या फोनवरून बेव्हला गाठलं, मग पोलीस चौकीला. चौकी साठ किलोमीटरवर आहे आणि तिथे त्या दिवशी एकच अधिकारी होता. त्याने नीट ऐकून घेतलं, गाडीचा नंबर मागितला, तो माझ्याकडे नव्हता. बेव्ह म्हणाली, तासाभरात पोचते, तोवर मुलीला शाळेतून काढा, सामान फार घेऊ नका. गोधडीवाल्या बायकांपैकी एकीने विचारलं, “मर्ल, तब्येत बरी आहे ना?” मी म्हणालो, “नाही.” तिने अजून काही विचारायच्या आत मी परत आत आलो.

केल्सी उभी होती. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती.

“...बर्फावर नव्हते घसरले मी,” ती सांगत होती.

“पण डॉक्टरला तूच म्हणालीस.”

“तो शेजारी उभा होता, मॉम.”

“आणि ते मनगट?”

“तेही.”

“दोन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा. एक तुला माहीत नाही.”

पलीकडे त्या खणखणीत बाईचा नुसता श्वास ऐकू येत होता. मला बोलायचं होतं, की चूक माझी आहे, तुमचीही नाही आणि टीव्हीचीही नाही, मी एकदा शिजवला असता तर चित्र जरासं पुसट झालं असतं आणि तुमची लेक इथेच राहिली असती. पण ते ऐकून कुणाचं काय भलं होणार होतं? माझं तेवढं झालं असतं.

“मी त्याला किल्ली दिलीय घराची,” व्हॅलरी म्हणाली.

“माहीत आहे.”

“मी रोज त्याच्यापाशी तुझी तक्रार करत होते.”

“मॉम, आता वेळ नाही.”

“थांब.” सपातांचा आवाज. पडदा ओढल्याचा आवाज. “तो समोरच्या पंपावर आहे. टाकी भरतोय. केल्सी, त्याने मागचा पेट्रोलचा डबापण काढला. तो डबापण भरतोय.”

मी कागदावर लिहिलं, ‘किती तास?’ केल्सीने बोटांनी नऊ दाखवले, मग विचार करून एक बोट मिटलं.

“गेला,” व्हॅलरी म्हणाली. “डावीकडे वळला. घर उजवीकडे आहे त्याचं.” मग तिचा आवाज बदलला. रिमोटची बटणं न सापडणारी म्हातारी त्यात राहिली नव्हती. “गाडी काळी आहे, मागची एक काच पुठ्ठ्याने बंद केलीय. नंबर लिहून घ्या, टीव्हीवाले. तो अंगणात उभी करतो तेव्हा मी रोज पाहते, पाठ आहे मला.”

तिने नंबर सांगितला. मी लिहिला. मला तो दोनदा विचारावा लागला. तिने दोन्ही वेळा न चिडता सांगितला.

“पोलिसांना मीपण फोन करते इथल्या,” ती म्हणाली. “किल्लीचं बघते. तू नीघ.”

“मॉम, पोचले की मी तुला...”

“नाही.”

“फक्त पोचले एवढंच.”

“नाही म्हटलं ना. माझ्या तोंडाचा भरवसा नाही, घराचा नाही, टीव्हीचा नाही. कुठे जातेस ते मला सांगू नकोस. फोन करू नकोस. आणि ऐक, जूनीचं गाणं वगैरे आता काही पाठवत जाऊ नकोस मला. एक पाहिलं, पुष्कळ झालं.”

केल्सी काही म्हणणार होती. पण तिच्या आईने आधीच फोन ठेवला होता.